धागा : ‘सोडणे’ या क्रियेचा इतिहास – विजापूरच्या तंबाखूपासून ब्रिटिश डॉक्टरांच्या सिगारेटपर्यंत

१/
इ. स. १६१७. मोगल बादशहा जहांगीराने आपल्या कारकिर्दीच्या बाराव्या वर्षी तंबाखू ओढण्यास मनाई केली. बहुतेकांच्या प्रकृतीवर आणि वृत्तीवर या वस्तूचा वाईट परिणाम होतो, असे कारण त्याने ‘तुझुक-इ-जहांगिरी’ या आपल्या आत्मकथनात नोंदवले आहे. इराणचा शाह अब्बास यानेही तंबाखूचे अपाय ओळखून आपल्या राज्यात तशीच बंदी घातली होती. दोन बलाढ्य सत्ता, दोन हुकूम, विषय एकच.

अडचण उभी राहिली ती खान आलममुळे.

२/
खान आलम हा जहांगीराने शाह अब्बासाच्या दरबारी पाठवलेला वकील. स्वतःच्या धन्याच्या राज्यात तंबाखूस बंदी, ज्याच्या दरबारी जायचे त्याच्याही राज्यात बंदी. तरीही खान आलमचा धूर थांबेना. हा गृहस्थ तंबाखूवाचून क्षणभरही राहू शकत नाही, अशी अर्जी इराणच्या एका वकिलाने शाहापुढे मांडली. शाहाने काय करावे? त्याने शिक्षा फर्मावली नाही. उत्तरादाखल एक शेर लिहून मित्राच्या वकिलाला सवलत दिली, आणि खान आलमनेही कृतज्ञतेचा शेर रचून परतफेड केली.

हा प्रसंग बहुधा दरबारी विनोदाचा नमुना म्हणून सांगितला जातो. वस्तुतः, आज ज्याला ‘निकोटिनचे व्यसन’ म्हणतात त्याची ही भारतीय इतिहासातील अगदी जुन्या नोंदींपैकी एक आहे. राजाज्ञा ठाऊक आहे, अपाय ठाऊक आहे, मानमरातब पणाला लागलेला आहे. आणि तरीही सुटत नाही.

३/
या कथेचा उगम दख्खनेत आहे. अकबराच्या अखेरच्या वर्षांत असद बेग नावाचा मोगल अधिकारी आदिलशाही विजापूरला गेला होता. तेथे त्याला तंबाखू दिसली. उत्तरेत अशी वस्तू आपण कधी पाहिली नव्हती, असे तो लिहितो. पोर्तुगीज व्यापारातून ती दख्खनच्या किनाऱ्यावर उतरून विजापुरात आधीच रुळली होती. असद बेगने भरपूर तंबाखू आणि एक रत्नजडित नळी तयार करवून अकबरापुढे ठेवली.

अकबराने कुतूहलाने दोनचार झुरके घेतले. दरबारच्या हकिमाने मात्र विरोध केला. त्याचा मुद्दा साधा होता : ही वस्तू अपरिचित आहे, आपल्या वैद्यकाच्या ग्रंथांत तिचा उल्लेख नाही, तिचे गुणदोष कोणी तपासलेले नाहीत, तेव्हा बादशहाने ती घेऊ नये. असद बेगने प्रतिवाद केला, की फिरंगी लोक काही मूर्ख नाहीत, आणि प्रत्येक रूढी कधीतरी नवीनच असते.

अकबराला ती सवय लागली नाही. सरदारांना मात्र लागली, व्यापाऱ्यांनी माल आणण्यास सुरुवात केली, आणि तपासून पाहण्याचा हकिमाचा आग्रह बाजूला पडला. तो आग्रह पुरा व्हायला साडेतीनशे वर्षे लागली.

४/
त्याच सुमारास, १६०४ मध्ये, इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तंबाखूविरुद्ध एक पुस्तिकाच लिहून प्रसिद्ध केली. धूर मेंदूला अपायकारक आणि फुफ्फुसांना धोक्याचा, असे त्याचे म्हणणे. त्यानंतर त्याने आयात तंबाखूवरील जकात दर पौंडाला २ पेनींवरून एकदम ६ शिलिंग १० पेनींवर नेली. उपयोग शून्य. पुढे व्हर्जिनियाच्या मळ्यांतून येणाऱ्या तंबाखूचा महसूल इंग्लंडच्याच खजिन्याला गोड लागला.

बंदीने आणि कराने जे साधले नाही ते का साधले नाही, याचे उत्तर तंबाखूच्या पानातच होते. १८२८ मध्ये हायडेलबर्ग येथे पोसेल्ट आणि रायमान या दोघांनी त्या पानातून एक तेलकट विषारी द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव निकोटिन. पण हे द्रव्य माणसाच्या इच्छेवर कसा ताबा मिळवते, हे कळण्यास आणखी दीडशे वर्षे जायची होती.

५/
आता व्हिएन्ना, १८९४. सिग्मुंड फ्रॉइड यांचे वय ३८. मनोविश्लेषणाचा पाया अजून घातला जायचा आहे. वयाच्या चोविसाव्या वर्षी त्यांनी धूम्रपान सुरू केले, आणि पुढे दिवसाला सुमारे २० सिगार हा त्यांचा नेम झाला. त्या काळात त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले, छातीत आवळल्यासारखे होऊ लागले. बर्लिनचे नाक-कान-घशाचे डॉक्टर विल्हेल्म फ्लीस हे त्यांचे जिवलग मित्र. त्यांनी सिगार बंद करण्यास बजावले.

फ्रॉइड यांनी प्रयत्न केला. एप्रिल १८९४ मध्ये फ्लीस यांना लिहिलेल्या पत्रात त्याचा वृत्तान्त आहे. सिगार बंद केल्यानंतर हृदयाचा त्रास कमी होण्याऐवजी वाढल्यासारखा वाटला, डाव्या हातात जळजळ जाणवली, मन खचले, मृत्यूची आणि निरोपाची चित्रे डोळ्यांपुढे येऊ लागली. कामाची उमेद संपली. काही आठवडे त्यांनी तग धरला. पुन्हा सिगार पेटवला, आणि काम पूर्ववत होऊ लागले.

६/
या पत्रातील तर्क नीट पाहण्यासारखा आहे, कारण तो आजही जसाच्या तसा ऐकू येतो. ‘सोडले तेव्हा बिघडलो, ओढले तेव्हा सुधारलो, अर्थात माझ्या प्रकृतीला ते लागते.’ निरीक्षण खरे, निष्कर्ष चुकीचा. निकोटिनची सवय झालेल्या मेंदूला ते मिळेनासे झाले, की चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश, खिन्नता, एकाग्रता न होणे आणि वाढलेली भूक ही लक्षणे दिसू लागतात. शेवटच्या सिगारेटनंतर काही तासांतच ती सुरू होतात, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतात आणि बहुतेकांत तीन-चार आठवड्यांत ओसरतात. पुन्हा धूर घेताच ती थांबतात. सिगार ज्या त्रासावर औषध वाटतो, तो त्रास सिगारनेच निर्माण केलेला असतो. माणसाच्या मनातील स्वतःची फसवणूक शोधून काढण्यात ज्यांनी आयुष्य घालवले, त्या फ्रॉइड यांना ही एक फसवणूक मात्र सुटली नाही.

७/
१९२३ मध्ये त्यांच्या उजव्या जबड्यात आणि टाळूवर गाठ आढळली. कर्करोग. त्या वर्षीच्या शस्त्रक्रियांत वरच्या जबड्याचा आणि टाळूचा मोठा भाग काढावा लागला. तोंड आणि नाक यांच्यामधील पोकळी बंद करण्यासाठी कृत्रिम जबडा बसवला गेला. तो इतका त्रासदायक होता, की घरात त्याला ‘राक्षस’ म्हणत. बोलणे कष्टाचे झाले, खाणे त्याहून कष्टाचे. पुढील सोळा वर्षांत तिसाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. मधल्या काळात डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सिगार सोडण्यास सांगितले, अधूनमधून त्यांनी सोडलाही, आणि पुन्हा धरला. २३ सप्टेंबर १९३९ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

यास इच्छाशक्तीचा अभाव म्हणणे सोपे आहे. परंतु नाझी छळ, निर्वासन आणि असह्य वेदना सोसत जो माणूस अखेरपर्यंत रुग्ण तपासत व लिहीत राहिला, त्याला इच्छाशक्ती नव्हती असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

८/
फ्रॉइड यांची पिढी सिगारची होती. सिगारचा धूर सहसा तोंडात घोळवून सोडतात. फुफ्फुसात ओढला जातो तो सिगारेटचा सौम्य धूर, आणि सिगारेट स्वस्त झाली ती यंत्रामुळे. १८८१ साली अमेरिकेत जेम्स बॉन्सॅक या तरुणाला सिगारेट वळण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. हाताने वळणारा कुशल कामगार मिनिटाला चार-पाच सिगारेटी वळी. हे यंत्र सुमारे दोनशे वळू लागले. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या शिध्यात सिगारेट आली, आणि युद्ध संपल्यावर ती लाखो घरांत गेली.

त्यानंतरची एक आकडेवारी. इंग्लंड आणि वेल्समध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाने झालेले नोंदणीकृत मृत्यू : १९२२ मध्ये ६१२, १९४७ मध्ये ९,२८७. पंचवीस वर्षांत सुमारे पंधरापट.

९/
कारण काय? क्ष-किरणांमुळे निदान सुधारले म्हणून आकडा फुगला, असे काहींचे मत. मोटारींचा धूर, कारखान्यांचा धूर, रस्त्यांवर टाकले जाणारे डांबर हेही संशयित होते. सिगारेटवर फारसा कोणाचा रोख नव्हता, कारण ती सर्वत्र होती. ज्या गोष्टी सगळेच करतात त्यांच्याकडे लक्ष जात नाही. जर्मनीत १९३९ मध्ये फ्रान्झ म्यूलर यांनी, तर १९४३ मध्ये शायरर आणि श्योनिगर यांनी या संबंधाचे पुरावे मांडले होते. पण युद्धकाळातील जर्मनीत छापलेल्या संशोधनाकडे बाहेरच्या जगाने पाहिले नाही.

१०/
लंडनमध्ये हे काम दोघांकडे आले. पहिले ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल. पहिल्या महायुद्धात क्षयरोग जडल्याने यांचे डॉक्टर होण्याचे स्वप्न भंगले. अंथरुणावर पडून त्यांनी अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे ते वैद्यकीय संख्याशास्त्राचे आधारस्तंभ झाले. दुसरे रिचर्ड डॉल. जन्म १९१२, व्यवसायाने डॉक्टर, आणि स्वतः सिगारेट ओढणारे. डॉल यांचा सुरुवातीचा संशय रस्त्यांवरच्या डांबरावर होता.

पद्धत सरळ होती. लंडनमधील वीस रुग्णालयांतून फुफ्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण शोधायचे. प्रत्येक रुग्णामागे त्याच वयोगटाचा, त्याच लिंगाचा, पण अन्य आजाराचा एक रुग्ण निवडायचा. दोघांनाही तेच प्रश्न विचारायचे. ३० सप्टेंबर १९५० रोजी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्ही बाजूंस ७०९ रुग्ण होते. कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांपैकी कधीही धूम्रपान न केलेले अवघे २ निघाले. तुलनेच्या गटातील ६४९ पुरुषांत असे २७ होते.

मात्र लेख छापून येण्याची वाट डॉल यांनी पाहिली नाही. अभ्यास साधारण दोन तृतीयांश पार पडला होता, तेव्हाच त्यांनी सिगारेट सोडली. वय ३७.

११/
अटलांटिकच्या पलीकडे, सेंट लुईसमध्ये, त्याच वर्षी आणखी एक अभ्यास पुरा होत होता. एर्न्स्ट विंडर हा वैद्यकीय विद्यार्थी आणि त्याचे गुरू एव्हार्ट्स ग्रॅहम. ग्रॅहम यांचे नाव शस्त्रक्रियेच्या इतिहासात अमर आहे : १९३३ मध्ये कर्करोगग्रस्त रुग्णाचे एक संपूर्ण फुफ्फुस एकाच शस्त्रक्रियेत यशस्वीरीत्या काढणारे ते पहिले. ते स्वतः सिगारेटचे शौकीन. सिगारेट आणि कर्करोग यांचा संबंध आहे, या कल्पनेची त्यांनी आरंभी थट्टा केली होती : स्त्रियांच्या नायलॉनच्या मोज्यांचा खपही वाढला आहे, मग त्यांनाही दोषी धरायचे काय?

तरी त्यांनी विद्यार्थ्याला आपले रुग्ण तपासू दिले. ६८४ रुग्णांचा हा अभ्यास मे १९५० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याने ग्रॅहम यांची थट्टा थांबवली. १९५३ मध्ये दोघांनी उंदरांच्या त्वचेवर सिगारेटचा टार लावून कर्करोग निर्माण करून दाखवला. याच सुमारास ग्रॅहम यांनी सिगारेट सोडली.

उशीर झाला होता. १९५७ मध्ये त्यांच्या दोन्ही फुफ्फुसांत कर्करोग आढळला. आपले जुने प्रतिस्पर्धी आणि स्नेही ऑल्टन ऑक्सनर यांना त्यांनी पत्राने ते कळवले. सिगारेट काही वर्षांपूर्वीच सोडली होती, पण इतकी वर्षे इतकी ओढल्यानंतर व्हायची ती हानी होऊन गेली होती, असा त्या पत्राचा आशय. मार्च १९५७ मध्ये ते गेले. १९३३ मध्ये ज्याचे फुफ्फुस त्यांनी काढले होते तो रुग्ण, पिट्सबर्गचा एक प्रसूतितज्ज्ञ, आपल्या शल्यविशारदाच्या मागेही जगला.

१२/
ग्रॅहम यांच्या मृत्यूतून एक चुकीचा धडा काढला जाई, आणि अजूनही काढला जातो : ‘सोडूनही मेलेच ना?’ या प्रश्नाला एका व्यक्तीच्या कथेने उत्तर देता येत नाही. त्यासाठी हजारो माणसे हवीत, अनेक दशके हवीत, आणि त्यांपैकी पुष्कळांनी मधेच सिगारेट सोडलेली हवी. अशी माणसे कोठून मिळणार?

हिल यांना ती मिळाली. डॉक्टर.

१३/
३१ ऑक्टोबर १९५१ रोजी हिल आणि डॉल यांनी ब्रिटनमधील सुमारे ५९,६०० नोंदणीकृत डॉक्टरांना एक छोटी प्रश्नावली टपालाने धाडली. आपण ओढता काय? किती? कोणत्या वयापासून? सोडली असल्यास केव्हा? प्रश्न मुद्दाम थोडके ठेवले होते. लांबलचक कागद डॉक्टर टोपलीत टाकतात, हे हिल जाणून होते. चाळीस हजारांहून अधिक उत्तरे आली. पुढील अभ्यासाचा कणा ठरलेले पुरुष डॉक्टर त्यांत ३४,४३९ होते.

डॉक्टरच का? एक तर त्यांची नोंदवही असते. पत्ता बदलला, मृत्यू झाला, तरी माग लागतो. दुसरे, त्यांच्या मृत्यूचे कारण अधिक काळजीपूर्वक नोंदले जाण्याची शक्यता. तिसरा लाभ कोणी आधी हिशेबात धरला नसावा. पुरावा वाचून समजणारा हा वर्ग होता, आणि ज्यांच्यावर अभ्यास चालू होता तेच त्या अभ्यासाचे वाचक होते.

१४/
पहिले निष्कर्ष १९५४ मध्येच आले, अडीच वर्षांच्या आत. पस्तिशीपुढील पुरुष डॉक्टरांत एकूण ७८९ मृत्यू, त्यांपैकी ३६ फुफ्फुसाच्या कर्करोगाचे. त्या ३६ मध्ये कधीही न ओढलेला एकही नव्हता. दिवसाकाठी जितका तंबाखू अधिक, तितका मृत्युदर चढा. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराकडेही अंगुलिनिर्देश झाला होता, आणि पुढील अहवालांत तो अधिकाधिक ठळक होत गेला.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ब्रिटनचे आरोग्यमंत्री इयन मॅक्लाउड यांनी धूम्रपान व कर्करोग यांचा संबंध मान्य करणारी पत्रकार परिषद घेतली. ती परिषद चालू असताना ते स्वतः एकामागून एक सिगारेट ओढत होते. त्या काळाचे याहून नेमके चित्र सापडणे कठीण. अमेरिकेत, महिन्याभरापूर्वीच, तंबाखू कंपन्यांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत पानभर जाहिरात देऊन आपला माल आरोग्यास अपायकारक नाही अशी ग्वाही दिली होती.

१५/
विरोध केवळ कंपन्यांचा नव्हता. विसाव्या शतकातील थोर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर, ज्यांच्या पद्धती आजही प्रत्येक विद्यापीठात शिकवल्या जातात, हे डॉल-हिल यांच्या निष्कर्षांचे कठोर टीकाकार होते. ते पाइप ओढत, आणि तंबाखू उत्पादकांचे सल्लागारही होते. पण त्यांचा युक्तिवाद त्यामुळे टाकाऊ ठरत नाही. तो ऐकण्यासारखा आहे. फिशर म्हणत, सिगारेट आणि कर्करोग एकत्र आढळतात म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही. कदाचित माणसाच्या जनुकांतच असे काही असेल, की जे त्याला सिगारेटकडेही ओढते आणि कर्करोगाकडेही.

याचे खंडन कसे करणार? माणसांना जबरदस्तीने सिगारेट ओढायला लावणारा प्रयोग करता येत नाही.

१६/
खंडन केले ते सोडणाऱ्यांनी. पन्नास आणि साठच्या दशकांत ब्रिटिश डॉक्टरांनी मोठ्या संख्येने सिगारेट सोडली. इतर समाजापेक्षा कितीतरी आधी. आता जर रोग जनुकांत असेल, तर सिगारेट सोडल्याने जनुके बदलत नाहीत, आणि धोकाही बदलता कामा नये. पण तो बदलला. १९६४ च्या दहा वर्षांच्या अहवालात स्पष्ट दिसले, की सोडून जितकी वर्षे लोटली तितका फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहणाऱ्यांच्या तुलनेत घटत गेला. देशातील इतर पुरुषांत हा रोग वाढत असताना डॉक्टरांत तो मागे हटू लागला.

विज्ञानाच्या इतिहासात ही गोष्ट विलक्षण आहे. हजारो माणसांनी आपापल्या घरी, आपापल्या चिडचिडीसह आणि रात्रीच्या जागरणांसह, सिगारेट बाजूला ठेवली, आणि त्यातून एका थोर संख्याशास्त्रज्ञाच्या आक्षेपाचे उत्तर तयार झाले. ते स्वतः फिशर यांना पाहता आले नाही. १९६२ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

१७/
जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा प्रसिद्ध अहवाल आला. तो मुद्दाम शनिवारी जाहीर करण्यात आला, शेअर बाजार बंद असताना. धूम्रपान हे फुफ्फुसाच्या कर्करोगाचे कारण आहे, असे त्यात निःसंदिग्धपणे म्हटले होते. पण त्याच अहवालात एक मोठी चूक होती, आणि ती या धाग्याच्या मुळाशी आहे. समितीने तंबाखूस ‘व्यसन’ न म्हणता ‘सवय’ म्हटले. म्हणजे अफूपासून सुटणाऱ्याला रुग्ण मानायचे, आणि सिगारेटपासून सुटू न शकणाऱ्याला ढिल्या मनाचा.

ही चूक सुधारायला चोवीस वर्षे लागली. १९८८ मध्ये सर्जन जनरल एव्हरेट कूप यांच्या अहवालाने निकोटिन हे व्यसन लावणारे द्रव्य असल्याचे जाहीर केले. तरीही १४ एप्रिल १९९४ रोजी सात बड्या तंबाखू कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथेवर सांगत होते, की आपल्या मते निकोटिन व्यसन लावत नाही. खान आलम त्या सभागृहात असता तर त्याने काय शेर रचला असता, याची कल्पनाच करावी.

१८/
मधल्या काळात एक शोध लागला होता, आणि तो पाणबुडीतून आला. १९६० च्या दशकात स्वीडनमधील लुंड येथील डॉक्टर क्लास लुंडग्रेन यांच्या लक्षात आले, की जेथे धूम्रपान करता येत नाही अशा ठिकाणी, म्हणजे पाणबुड्यांत, काम करणारे सिगारेटबाज तोंडात ठेवायच्या तंबाखूकडे वळतात आणि त्यांची तलफ भागते. म्हणजे तलफ धुराची नव्हती, निकोटिनची होती. त्यांनी हे हेलसिंगबोर्ग येथील औषधनिर्माते ओव्हे फेर्नो यांना कळवले. फेर्नो स्वतः सिगारेट सोडण्यासाठी झगडत होते. धूर वगळून केवळ निकोटिन देणारे चघळण्याचे गम त्यांनी तयार केले, आणि १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यास प्रथम मान्यता मिळाली.

विचार असा होता. सिगारेटच्या धुरातील निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. म्हणूनच तिची पकड एवढी घट्ट. जीव घेतात ते मुख्यतः टार, कार्बन मोनॉक्साइड आणि धुरातील इतर द्रव्ये. निकोटिन हळूहळू व कमी मात्रेत देत राहिले, की माणसाला आधी हातातली सिगारेट आणि मग निकोटिन, अशा दोन पायऱ्यांनी खाली उतरता येते. लंडनमधील मनोविकारतज्ज्ञ मायकेल रसेल हे या दृष्टीचे प्रमुख पुरस्कर्ते. अशा साह्याने सर्वच सुटतात असे नाही, पण सुटणाऱ्यांचे प्रमाण निश्चित वाढते, आणि अनेकांना एकाहून अधिक प्रयत्न करावे लागतात, हेही आता सर्वमान्य आहे.

१९/
मुंबईचा उल्लेख केल्याशिवाय हा इतिहास अपुरा राहील. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, १९४१ पासून, कर्करोगाचे असे रुग्ण येत होते की जे युरोपीय पाठ्यपुस्तकांत क्वचित आढळत : गालाच्या आतील भागाचे, जिभेच्या मुळाचे, घशाचे. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक मानले जाणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख. १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांचा अभ्यास त्याच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला, ज्यात वर्षभरापूर्वी डॉक्टरांचा पहिला अहवाल आला होता. तंबाखू चघळणाऱ्यांत गालाच्या आतील कर्करोग, आणि विडी ओढणाऱ्यांत जिभेच्या मुळाचा व घशाचा कर्करोग अधिक, असा भेद त्यातून पुढे आला.

विडी पानाची, म्हणून सौम्य, हा समज मात्र टिकून राहिला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतव्यापी अभ्यासाने त्यालाही उत्तर दिले : विडी ओढणारे पुरुष सरासरी सुमारे ६ वर्षे, विडी ओढणाऱ्या स्त्रिया सुमारे ८ वर्षे, आणि सिगारेट ओढणारे पुरुष सुमारे १० वर्षे आयुष्य गमावतात. शिवाय आपल्याकडे धूम्रपानाशी क्षयरोगाच्या मृत्यूंचेही नाते आहे, जे ब्रिटिश डॉक्टरांत ठळक दिसणे शक्य नव्हते.

२०/
डॉक्टरांचा अभ्यास मात्र चालूच होता. हिल १९९१ मध्ये वारले. डॉल थांबले नाहीत. रिचर्ड पीटो यांच्यासह ते दर काही वर्षांनी उरलेल्या डॉक्टरांना प्रश्नावल्या धाडत राहिले. १९५१ मधील तरुण निवृत्त झाले, निवृत्त होते ते गेले. नोव्हेंबर २००१ पर्यंत मूळच्या ३४,४३९ पैकी पंचवीस हजारांहून अधिकांचा मृत्यू नोंदवला गेला होता, प्रत्येकाचे कारण आणि प्रत्येकाच्या सिगारेटचा हिशेब समोर.

२१/
अखेरचा मोठा अहवाल जून २००४ मध्ये आला, पहिल्या अहवालानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, आणि त्याच नियतकालिकात. १९०० ते १९३० दरम्यान जन्मलेले जे पुरुष सिगारेट ओढतच राहिले, ते कधीही न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १० वर्षे आधी गेले. आणि सोडणारे?

साठाव्या वर्षी सोडली, तर सुमारे ३ वर्षे परत मिळाली. पन्नासाव्या वर्षी, ६. चाळिसाव्या वर्षी, ९. तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी जवळजवळ सर्वच, म्हणजे दहाच्या दहा वर्षे मिळवली. एकीकडे तीन-चार आठवड्यांची तगमग, बहुतेकांत काही किलो वाढलेले वजन, कित्येकांत दोनदा-तीनदा फसलेला प्रयत्न; दुसरीकडे ही वर्षे. ग्रॅहम यांच्या बाबतीत उशीर झाला होता हे खरेच, पण साठी गाठलेल्या डॉक्टरांतही, सरासरीने पाहता, सोडणे निरर्थक ठरले नव्हते.

२२/
या अहवालावर पहिले नाव रिचर्ड डॉल यांचे होते. वय ९१. अकबराच्या हकिमाने जे मागितले होते, वस्तू नवी आहे तर आधी तपासा, ते काम ज्या थोड्या माणसांनी पुरे केले त्यांपैकी हे एक. २४ जुलै २००५ रोजी, ऑक्सफर्ड येथे, ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शेवटची सिगारेट ओढल्याला तोवर पंचावन्नाहून अधिक वर्षे झाली होती.